पाटे वर घेतले, तो हंगाम

हंगाम सुरू झाला की सांगलीकडे येणारे रस्ते चिकट होतात. ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकांखाली चिरडतात, रस डांबरावर वाळतो, आणि सकाळच्या धुक्यात त्याला एक आंबूस गोड वास सुटतो. बाहेरगावची माणसं गाडीची काच खाली करून तो वास घेतात. मी काच वर करतो. मला त्या वासातून वेल्डिंगच्या रॉडचा धूर येतो, आणि त्या धुरातून एक शब्द येतो. 'झाला.' एवढाच. मी आयुष्यात फार बोललेलो नाही. जे थोडं बोललो त्यातला हा एक शब्द तीस वर्षं घशात अडकलाय.

यंदा हंगामाबरोबर फोनही आला. आमच्या आबांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, पंचविसावी पुण्यतिथी. गाव स्मरणिका काढतंय. आबांचा मुलगा सर्जेराव म्हणाला, "बाळूदादा, तू त्यांच्या मांडीवर वाढलास. तूच लिही. मळीच्या रानाला आबांनी स्वतःच्या शेतातनं वाट दिली, त्या हंगामाचं लिही. लोकांना वाचायला बरं वाटंल."

मी 'बरं' म्हणालो. हा तो लेख. वाचायला बरं वाटणार नाही. सर्जेराव तो छापणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून त्याच्याआधी तुमच्या मासिकाकडे पाठवतोय. मागाहून त्यालाही पाठवीन. रागावला तर रागावू दे. पन्नाशी उलटली माझी. आता कुणाच्या रागाला भ्यायचं?

आमचं गाव कृष्णेच्या काठावर. महाबळेश्वरावरून निघालेलं पाणी वाईचे घाट धुऊन आमच्यापर्यंत येतं, तोवर त्याचा अल्लडपणा संपलेला असतो. ते जड होतं, गाळ धरतं, आणि वळणावर तो गाळ टाकून पुढं जातं. त्या गाळाच्या रानाला आम्ही मळी म्हणतो. मळीचा ऊस म्हणजे मनगटाएवढा जाड, काळपट, आणि तोडताना कोयत्याला ओला आवाज देणारा. ती मळी बौद्ध वस्तीची होती. पूर्वापार त्यांचीच. गावाच्या खालच्या अंगाचं, पुरात बुडणारं रान म्हणून कुणी कधी त्यावर डोळा ठेवला नव्हता. पाणी-पाइपा आल्या, ऊस आला, आणि मग सगळ्यांनाच ते रान दिसायला लागलं.

मळीतून पक्क्या रस्त्याला येणारी बैलगाडीची वाट आबांच्या शेताच्या बांधानं जायची. बैलगाड्या जात होत्या तोवर आबा काही म्हणाले नाहीत. मग एका वर्षी दिवाळीच्या आधी तात्यांनी ट्रक आणला.

तात्या वस्तीतले. लष्करात अठरा वर्षं ड्रायव्हर. डोंगरात, बर्फात गाड्या चालवलेले. चालताना पाय असे टाकायचे की पायाखाली कवायतीचं मैदानच आहे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी सातारला लिलावात लष्करी मोडीतला एक जुना, बसका ट्रक घेतला. हिरवा रंग उडालेला, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. गावात तो आणला त्या दिवशी वस्तीतली पोरं मागं धावत होती आणि तात्या खिडकीतून कोपर बाहेर काढून, कुणाकडंही न बघता, गावच्या मुख्य रस्त्यानं दोनदा फिरले. गरज नव्हती. दोनदा फिरले.

आठव्या दिवशी आबांच्या बांधावर वाटेला आडवी चर खणलेली दिसली. कमरेइतकी खोल. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "पाण्याची चर हाय. माझ्या रानात मी पाणी फिरवू नगं व्हय?" बैलगाडीला वाट होती. ट्रक आला आणि ती सगळ्यांनाच बंद झाली. वस्तीतल्या माणसानं स्टेअरिंगवर बसून बांधावरून जावं आणि आबांनी औताच्या मागं उभं राहून ते बघावं, हे त्यांच्या डोळ्यांना झेपलं नाही. स्मरणिकेत हे कुणी लिहिणार नाही. मी लिहितो.

आता मळीतून बाहेर पडायला उरला फक्त ओढा. दगडगोट्यांचा, थंडीत गुडघाभर पाण्याचा, तिरका चढ असलेला. बैलगाडी त्यातून निघत नव्हती. आणि तात्यांचा ट्रक तर आतच अडकायचा, कारण त्याचे मागचे पाटे खाली होते.

हे जरा सांगायला पाहिजे. ट्रकच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा असतो, एक्सल. गाडीचं ओझं त्याच्यावर यावं म्हणून एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची वाकडी चळत असते, ते पाटे. बहुतेक ट्रकांना पाटे एक्सलच्या वर बसवलेले असतात. या जुन्या गाडीला ते एक्सलच्या खालून टांगलेले होते. त्यामुळं गाडी बसकी, रस्त्याला छान धरून चालणारी. पण ओढ्यात शिरली की खाली लोंबणारे पाटे आणि त्यांचे बोल्ट दगडाला अडकणार. ते पाटे काढून एक्सलच्या वर बसवले, तर लोंबणारं काही राहत नाही आणि गाडीचा सगळा सांगाडा वीतभर उंच होतो. पण त्यासाठी एक्सलच्या पाठीवर पाट्यांना नवी बैठक वेल्डिंग करून द्यावी लागते. तात्यांनी ठरवलं, गाडी उंच करायची आणि ओढ्यातनं काढायची.

"वाट देत न्हाईत? नगं देऊ देत," ते मिस्त्रींना म्हणाले. "आपण कुणाच्या बांधाला चाक लावायचं न्हाई. ओढा काय कुणाच्या बापाचा न्हाई."

मिस्त्री म्हणजे हुसेन मिस्त्री. मूळचे मिरजेचे. इस्लामपूरच्या रस्त्यावर, आमच्या गावापासून कोसभरावर, त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होतो. बावीस वर्षांचा झालो होतो, वेल्डिंग हातात बसलं होतं. वडील मी लहान असतानाच गेले. शाळेत आबांनी घातलं, आणि शाळा जमेना तेव्हा मिस्त्रींकडं मला आबांनीच आणून घातलं. या दोन माणसांचं मी मीठ खाल्लं. त्या हंगामात दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि मी मधे.

मिस्त्री कामाला बसले की त्यांच्या तोंडात लवंग असायची. बोलणं कमी. पण काही नियम होते आणि ते नियम गॅरेजच्या पत्र्यापेक्षा जुने होते. एक, पक्का टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, मारून झाला की त्यावर खूण ठोकायची. मिस्त्रींच्या पंचाला, म्हणजे खूण ठोकायच्या पोलादी खिळ्याला, चंद्रकोर होती. बोटाच्या नखाएवढी. त्या भागातल्या निम्म्या ट्रॉल्यांवर, नांगरांवर, गुऱ्हाळाच्या चरकांवर ती कोर होती. माझा स्वतःचा पंच नव्हता. "अजून एक हंगाम," मिस्त्री म्हणायचे, "मग तुझी खूण तुला."

दुसरा नियम, ओझं दाखवल्याशिवाय पक्का टाका नाही. गाडी रिकामी उभी असते तेव्हा पाटे फुगलेले असतात. ओझं आलं की सपाट होतात, आणि एक्सलचं तोंड फिरतं. रिकाम्या गाडीवर बैठक वेल्डिंग केली तर भरल्यावर सगळं वाकडं. म्हणून आधी कच्चे टाके मारायचे, गाडीत खरोखरचं वजन भरायचं, खाली ओळंबा लावून बघायचं, हातोडीनं बैठक हवी तशी सरकवायची, आणि मग पक्कं करायचं. एरवी आम्ही दगड भरायचो. त्या वेळी तात्या म्हणाले, "दगड भरायचं आन् काढायचं दोन दिस जातील. मी माणसं आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं फाटायच्या आत सगळी वस्ती चालत आली. म्हातारी, लेकुरवाळ्या, काठीवाले. सगळ्यांत पुढं तात्यांच्या मंडळी, गयाक्का. पदर खोचलेला, कोयता तसाच कमरेला. तोडणीवरूनच आल्या होत्या.

"मिस्त्री, मला कुठं बसवताय? ऊस तोडून तोडून माझं वजन निम्मं झालंय."

"मधी बसा आक्का. तुमी कडंला बसला तर गाडी तुमच्याच बाजूनं झुकंल," मिस्त्री म्हणाले, आणि लवंग या गालातून त्या गालात गेली. ते त्यांचं हसणं.

वस्तीतले एक फार म्हातारे आजोबा होते, त्यांना दोघांनी उचलून वर घेतलं. ते वरून ओरडले, "आरं, मेल्यावर मला चौघांनी उचलायचं व्हतं, ते आजच उरकून घेतलासा!"

मी एक्सलखाली उताणा पडलो होतो. माझ्या छातीच्या हातभर वर लोखंड, आणि त्या लोखंडावर पन्नास-साठ माणसांचं वजन. पाटे कुरकुरत खाली आले. वर कुणीतरी मूल रडत होतं, कुणी तंबाखू मागत होतं, बायका हसत होत्या. मिस्त्री ओळंब्याकडं बघून म्हणाले, "अजून चौघं चढा." चौघं चढली. "आता हलू नका. श्वास घ्या, पर हळू घ्या." गयाक्का वरून म्हणाल्या, "आजवर गावानं आमाला हलू नगा म्हणूनच सांगितलंय मिस्त्री. आज पयल्यांदा गाडीत बसवून सांगतोय कुणीतरी." सगळा ट्रक हसण्यानं हादरला आणि मिस्त्री रागावले, कारण ओळंबा हलला.

तो हादरा अजून माझ्या छातीत आहे. त्या गाडीला कुणाचं ओझं दाखवलं होतं, हे माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून मला क्षमा नाही. अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

माणसं उतरली. पक्के टाके दोन दिवस चालले. एक्सलला एकदम ताव दिला तर तो केळीसारखा वाकतो, म्हणून बोटभर टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, मग दुसऱ्या बाजूला बोटभर. डावीकडची बैठक मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी पुरी केली. उजवीकडची बाहेरची बाजूही केली. उजवीकडची आतली बाजू तेवढी राहिली. तिथं शिरायला जागा कमी, मिस्त्रींचा गुडघा वळत नसे. "ती तू घे," म्हणाले. तो शुक्रवार होता. दुपारी ते नमाजाला इस्लामपूरला गेले.

ते गेले आणि आबांची जीप आली. ग्रीस भरून घ्यायला. आबा खाली उतरले, पांढरंशुभ्र धोतर सावरत ट्रकभोवती एक फेरी मारली.

"उंच केलासा व्हय रं?"

"व्हय आबा."

"उंच केलं म्हंजी मोठं हुतं असं न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, "एवढी घाई करू नगं. चार दिस उशिरा झाली गाडी, तर कुणी मरत न्हाई. तोडणीची टोळी काय, मळीतनं हलंल, दुसरीकडं जाईल. त्वांड बघ कसं झालंय तुझं काजळीनं. आई काळजी करती तुझी."

एवढंच. आबांनी मला 'टाका मारू नकोस' असं कधी सांगितलं नाही. सर्जेरावला हे वाचून बरं वाटेल, म्हणून मुद्दाम लिहितो. आबांनी चर खणली. टाका माझा होता.

तीन वाजता लाइट गेली. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला गोष्ट इथपर्यंतच सांगायचो. लाइट गेली, टाका राहिला. पण लाइट अर्ध्या तासात आली. पत्र्याखालचा दिवा लागलेला मी पाहिला. मी गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून होतो. उठलो नाही. मला गाडी मोडावी असं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, ती जायला नको. उद्या निघायला नको. दोन-चार दिवस अडकेल, टोळी पुढं जाईल, आबा खूश, तात्यांना तरी माझा संशय कशाला येईल. कुणाच्याच डोळ्यांत वाईट व्हायचं नव्हतं मला. भित्र्या माणसाचं पाप असंच असतं. त्याला कुणाला मारायचं नसतं. फक्त कुणाला नाही म्हणायचं नसतं.

चारला मिस्त्री आले. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि विचारलं, "आतला टाका झाला?"

मला म्हणायचं होतं, नाही. मग त्यांनी विचारलं असतं, का नाही. मग मला आबांचं नाव घ्यावं लागलं असतं.

"झाला," मी म्हणालो.

ते वाकले. एका हातानं चाक धरून खाली बघायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना. वर होऊन माझ्याकडं बघितलं. "तू केलायस न्हवं? मग बघायचं काय." पंच काढला, हातोडी घेतली आणि उजव्या बैठकीच्या बाहेरच्या कडेवर चंद्रकोर ठोकली. एकच घाव. त्या घावाचा आवाज मला आजही ऐकू येतो, कारण तो बरोबर नव्हता. पुरं वेल्डिंग झालेलं लोखंड घुमत नाही. हे जरा घुमलं. मिस्त्रींनीही ऐकलं असणार. पण त्यांनी कानापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

रिकामी गाडी ओढ्यातून मळीत गेली तेव्हा काठावर जत्रा होती. तात्यांनी खालच्या गियरमध्ये, एकही झटका न देता, ती अशी नेली की पाण्याला सुरकुती पडली फक्त. खाली काही घासलं नाही. वस्तीनं शिट्ट्या मारल्या. टोळीनं दुपारपर्यंत ऊस भरला. आणि परत येताना, ओढ्याच्या मधोमध, उजवं चाक एका गोट्यावर चढलं तेव्हा तोफेसारखा आवाज झाला. एका बाजूनंच धरलेली बैठक उपटली; बाहेरचा टाका सुटला नाही, शेजारचं लोखंड फाटलं. एक्सल फिरला, पाटा निसटला, आणि उसानं भरलेला ट्रक सावकाश, अगदी सावकाश, उजव्या कुशीवर आडवा झाला. तात्या उडी मारायला गेले. डावा पाय दारात अडकला.

लोकांनी उसाच्या मोळ्या उपसून त्यांना काढलं. पाणी लाल झालं नाही. वाहत्या पाण्यात काही टिकत नाही. तात्या शुद्धीवर होते. बैलगाडीत घालताना ते एकच म्हणाले, "ऊस वाळू देऊ नका रं."

आणि मग ते घडलं, ज्यापुढं आबांनी दिलेली वाट मला किड्यामुंगीएवढी दिसते. तात्यांना मिरजेला नेलं. गयाक्का बरोबर जायला निघाल्या होत्या, गाडीच्या जुवाजवळ थांबल्या, दिराला म्हणाल्या, "तू जा संगं." पदर खोचला आणि पाण्यात उतरल्या. पहिली मोळी स्वतः डोक्यावर घेतली. त्यांच्या मागं सगळी वस्ती. ज्या माणसांना आम्ही वजन म्हणून ट्रकात बसवलं होतं, त्यांनी ट्रकचं वजन डोक्यावर घेतलं. गुडघाभर पाण्यातून, गोट्यांवर पाय ठरवत, वर चढ चढून रस्त्यापर्यंत. उसाची कुसं मानेत रुतून रक्त येत होतं. आबांच्या बांधाच्या अगदी समोरून ती रांग जात होती आणि कुणी तिकडं मान वळवली नाही. मी पण मोळी उचलायला गेलो. गयाक्का म्हणाल्या, "तू कशाला? तुझ्या कपड्याला पाचट लागंल." चेष्टेनं म्हणाल्या असतील. मी मात्र तिथंच थांबलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री ओढ्यात आले. वळत नसलेला गुडघा तसाच दुमडून ओल्या वाळूत झोपले आणि उपटलेल्या बैठकीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथं लोखंड कोरं होतं. काळवंडलंसुद्धा नव्हतं.

"लाइट गेली व्हती," मी म्हणालो.

"आली व्हती," ते म्हणाले. "साडेतीनला मशिदीतला पंखा सुरू झाला. लाइन एकच हाय आपली."

एवढं बोलून ते उठले आणि कपड्यांवरची वाळू झटकली. मी वाट बघत होतो, मारतील म्हणून. मारलं असतं तर मी सुटलो असतो.

त्या संध्याकाळी टपरीवर गाव जमलं होतं. कुणीतरी विचारलं, आणि सगळे ऐकतील असं विचारलं, "मिस्त्री, टाका कुणाचा म्हणायचा ह्यो?"

"खूण कुणाची हाय?"

"तुमची."

"मग इचारायचं काय त्यात?"

मी तिथं चहाचा पेला धरून उभा होतो. पेला भरलेला होता, तोंडही होतं. चहा पिऊन टाकला.

'हुसेन मिस्त्रीच्या टाक्याचा भरवसा न्हाई' हे वाक्य पंधरा दिवसांत दहा गावं फिरून आलं. ज्यांच्या नांगरावर वीस वर्षं त्या कोरीचा टाका तुटला नव्हता, तेही कामं कराडला घेऊन जायला लागले. मिस्त्रींनी ट्रक मात्र उचलला. बैठक पुन्हा केली, चारी बाजूंनी, स्वतः. गुडघ्याखाली गोणपाट घालून. मला हात लावू दिला नाही. वस्ती पुन्हा येऊन ट्रकात बसली, या वेळी कुणी हसलं नाही. पुन्हा चंद्रकोर ठोकली, जुन्या कोरीच्या शेजारी. तात्यांचा पाय गुडघ्यात ताठ राहिला, क्लच दाबता येईना. मिस्त्रींनी क्लचच्या पायटीला लोखंडी तुकडा जोडून ती लांब आणि तिरकी केली, ताठ पायानं मांडीच्या जोरावर दाबता येईल अशी. तात्या पुढच्या हंगामात परत स्टेअरिंगवर बसले. दोन हंगाम तो ट्रक ओढ्यातून उसाच्या खेपा करत राहिला, आणि प्रत्येक खेपेला आबांच्या बांधासमोर आला की तात्या हॉर्न वाजवायचे. गरज नव्हती. वाजवायचे.

मग ओढ्यावर पक्का रस्ता करायची बोलणी सुरू झाली. रस्ता तिकडून गेला तर आपल्या बांधाची वाट कच्चीच राहील आणि ट्रकाविना आपलाच ऊस आत राहील, हे ध्यानात आल्यावर आबांनी चर बुजवली आणि वाट 'दिली'. नारळ फोडला. फोटो आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तोच घेणार आहेत म्हणे.

मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं आणि मिरजेत एका बोळात खिडक्यांचे गज करायला लागले. जाताना मला एक पंच दिला. नवा, अजून पाणी देऊन कडक न केलेला, तोंडाला कोरा. "खूण तू कोर," म्हणाले. "मला दावायला आणू नगं." पुढं मी कुपवाडला वर्कशॉप टाकलं, माणसं ठेवली, नाव झालं. माझ्या कुठल्याही कामावर खूण नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, साधा माणूस आहे, मिरवत नाही. मिस्त्री गेले तेव्हा मी मातीला गेलो. लांब उभा राहिलो.

सर्जेरावचा फोन आल्यावर चौथ्या दिवशी मी गयाक्कांकडं गेलो. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. घर आता स्लॅबचं आहे, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली तात्यांचा लष्करी वेषातला फोटो. आक्का पायरीवर लसूण सोलत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. बसून सांगायचा धीर नव्हता.

त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी ह्यांचा पाय तुझ्यापायी गेला."

"व्हय आक्का."

"आन् लोकांनी मिस्त्रीला नावं ठेवली."

"व्हय."

"मी बी ठेवली." आता हात थांबले. "मिरजंच्या दवाखान्यात आला व्हता त्यो. केळी घिऊन. दारात हुबा ऱ्हायला. मी म्हनलं, तुमच्या हातचं काय नगं आमाला. केळी माघारी दिली मी. त्यो घिऊन गेला, काय बोलला न्हाई." त्यांनी मांडीवरची सालं झटकली. "आता ती केळी मी कुठं जाऊन घिऊ? सांग की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना आवडलं नाही.

"हितं रडू नगंस. माझ्या कानात सांगून काय उपेग? जितं समद्यांच्या म्होरं त्याचं नाव घेतलं, तितं समद्यांच्या म्होरं तुझं घे. ऊठ."

मी उभाच होतो. तरी उठल्यासारखं वाटलं.

ट्रक कधीच मोडीत गेला. एक्सल मात्र टाकला नाही. गयाक्कांच्या मुलानं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावलाय. परड्यात ट्रॉली उभी होती, फळ्यांना उसाची पाती चिकटलेली. मी खाली वाकलो. माझाही गुडघा आता कुरकुरतो. उजव्या बैठकीवर दोन चंद्रकोरी होत्या, चिखलाखाली, शेजारी शेजारी. आतल्या बाजूला हात घातला. मिस्त्रींचा दुसऱ्या खेपेचा टाका. बोटांना लागतो तो माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, कुठं तुटलेला नाही. तीस हंगाम उसाखाली काढलेत त्यानं.

माझ्या खिशातला पंच बघून मुलगा म्हणाला, "काका, पंच आणलाय न्हवं? मारा तुमची खूण."

आणला होता. कोराच, तरी नुसता घाव घालता आला असता. पण मारली नाही. तो टाका माझा नाही. मी न मारलेल्या टाक्यावर एकदा एका भल्या माणसाची खूण पडली. आता एका भल्या माणसाच्या टाक्यावर माझी कशाला?

माझ्या टाक्याला लोखंड उरलेलं नाही. म्हणून हा कागद. टपरी राहिली नाही, ऐकणारे बरेचसे राहिले नाहीत, पण त्या दिवशी विचारलेला प्रश्न अजून तिथंच उभा आहे, आणि त्याचं उत्तर तेव्हा चुकीच्या माणसानं दिलं. उजव्या पाट्याच्या बैठकीचा आतला टाका मारलेला नव्हता. तो मारायचं काम माझं होतं. मारला असं मी सांगितलं. हुसेन मिस्त्रींचा एकही टाका कधी सुटला नाही.

सर्जेराव, तुला छापायचं असेल तर सगळं छाप. यातलं एक वाक्य गाळायचं असेल तर सगळंच गाळ. मी हंगाम संपेपर्यंत दर बाजाराला गावात येऊन तोंडानं सांगीन. कोरा पंच टेबलावर काढून ठेवलाय, शेजारी कानस आहे. या लेखाची पहिली छापील प्रत हातात आली की खूण कोरायला बसणार आहे. ती प्रत आधी गयाक्कांना वाचून दाखवीन. मग एक डझन केळी घेऊन आम्ही दोघं मिरजेला जाणार आहोत. कुणाला द्यायची, ते तिथं गेल्यावर बघू.